फिके रंग: पुन्हा स्कॅन की ताजा रोल?

बाबांच्या जुन्या कॅमेऱ्यातले फोटो मरगळलेले आले. निगेटिव्ह पुन्हा स्कॅन करावी की ताजा रोल घालावा? आधी निगेटिव्ह खिडकीशी धरा. सावल्यांतही (निगेटिव्हवर त्या उलट, फिक्या दिसतात) तपशील दिसतोय? मग स्कॅनवरच संशय घ्या; ते पुन्हा करणं स्वस्त पडतं. सावल्यांच्या जागी नुसती कोरी नारिंगी पट्टी असेल, तर जे उमटलंच नाही ते स्कॅनमध्ये येणार कुठून?

माझा रोल मुदत संपून १० वर्षं कपाटात पडलेला (फ्रिजमध्ये ठेवू देईल ती आई कसली!). अशा रोलला दर १० वर्षांमागे एक स्टॉप जादा, म्हणजे दुप्पट, प्रकाश द्यायचा; २०० आयएसओचा (आयएसओ म्हणजे फिल्मची प्रकाश-संवेदनशीलता) रोल असेल तर कॅमेऱ्यात आकडा १०० वर लावायचा, असा ठोकताळा आहे. मी तरी ताजाच घेईन. मात्र भिंगात कोळिष्टकासारखी बुरशी दिसली, तर दोन्ही खर्च पाण्यात.