तपासी अंमलदारांसाठी विद्यापीठाची पदविका: वर्षभराचे शनिवार-रविवार द्यावेत का?

आठवड्याची सुट्टी मिळाली तर मिळाली, अशा नोकरीतल्या फौजदारानं ती सुट्टी वर्गात का घालवावी? गुन्हे तपास आणि न्यायसहायक विज्ञानातल्या (फॉरेन्सिक सायन्स) एक वर्षाच्या पदव्युत्तर पदविकांबद्दल हा प्रश्न रास्त आहे. आमचं उत्तर असं: १ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे लागू झाले आणि या शिक्षणाची गरज खरोखर वाढली. पण ज्या पदविकेत तुम्ही लिहिलेला पंचनामा कुणी तपासत नाही, तिच्यावर फी भरू नका.

प्रवेशाआधी अभ्यासक्रमाची प्रत मागून घ्या. पहिलं सत्र निम्म्याहून जास्त गुन्हेशास्त्राच्या सिद्धांतांवर जात असेल, तर तो अभ्यासक्रम तपास करणाऱ्यांसाठी आखलेला नाही. माणूस गुन्हेगार का होतो, हे वाचण्यासारखं आहेच. ठाण्यात मात्र अडतं ते मुद्देमाल, मुदत आणि कागद यांच्यापाशी. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ नं झडती-जप्तीचं दृक्‌श्राव्य चित्रण आणलं. कलम १७६(३) नं सात वर्षं किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञाची घटनास्थळभेट आणली, ती लागू करायला राज्यांना पाच वर्षांची मुदत आहे. कलम १९३ नुसार तपासाची प्रगती ९० दिवसांत पीडिताला कळवायची आहे. ही कलमं फळ्यावर समजतात. कॅमेरा सुरू असताना पंचांसमोर झडती कशी घ्यायची, हे हातानं केल्याशिवाय जमत नाही.

भौतिक पुराव्याचा भाग बहुतेक ठिकाणी बरा शिकवतात, कारण तो जुना आणि ठरलेला आहे. रक्ताचे कपडे सावलीत वाळवायचे आणि प्रत्येक कपडा वेगळ्या कागदी पाकिटात ठेवायचा. ओला कपडा प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधला की दमटपणात जिवाणू वाढतात, डीएनए खराब होतो. आरोपीचा शर्ट आणि मयताची साडी एका गाठोड्यात आली, तर एकाचं रक्त दुसऱ्यावर लागलं नाही हे सिद्ध करणं अशक्य. व्हिसेरा, म्हणजे शवविच्छेदनात काढलेले अवयवांचे भाग, विषाच्या तपासणीसाठी मिठाच्या संपृक्त द्रावणात जातो. फॉर्मलिन असतं ऊतींच्या सूक्ष्मदर्शक तपासणीसाठी. बरण्यांची अदलाबदल झाली तर विष शोधण्याचं काम बिघडतं. दारूच्या तपासणीचं रक्त घेताना त्वचा स्पिरिटनं पुसायची नाही आणि बाटलीत सोडियम फ्लोराइड हवं. सुई डॉक्टर टोचतात, पण बाटली आणि लेबल बघून घेणं तपासी अंमलदाराच्या हातात आहे. लाखेच्या सीलचा नमुना ठसा प्रयोगशाळेच्या पत्रावर हवाच, इतकी बारीक गोष्टही चांगल्या वर्गात करून घेतात.

खरा कस लागतो डिजिटल पुराव्यात. पदविकेची परीक्षा घ्यायची असेल तर एकच विचारा: दुकानातल्या सीसीटीव्हीचा डीव्हीआर, म्हणजे चित्रण साठवणारी पेटी, आमच्या हातानं जप्त करून दाखवाल का? काम असं चालतं. आधी डीव्हीआरच्या पडद्यावरची वेळ आणि मोबाइलवरची नेटवर्कची वेळ एकाच फोटोत घ्यायची. डीव्हीआर सात मिनिटं पुढे असेल तर तसं पंचनाम्यात लिहायचं. नाहीतर फुटेज आणि सीडीआर (मोबाइल कंपनीकडच्या कॉलच्या नोंदी) यांचा मेळ बसत नाही, आणि बचाव पक्षाला आयतं खाद्य मिळतं. मग मूळ फॉरमॅटमधली फाइल, लागत असेल तर तिच्या प्लेअरसकट, कॉपी करायची. पडद्यावर मोबाइल धरून केलेलं चित्रण म्हणजे मूळ फुटेज नव्हे. जागेवरच हॅश, म्हणजे फाइल जराही बदलली की बदलणारी तिची आकडे-अक्षरांची ओळख, काढून ती पद्धतीच्या नावासह, म्हणजे एसएचए-२५६ असेल तर तसं, पंचनाम्यात उतरवायची. ठाण्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलेल्या प्रतीत व्हिडिओचा आकार दाबून लहान केला जातो, हॅश बदलते. ती प्रत शोधाला चालेल, कोर्टाला नाही. जप्त केलेला पेन ड्राइव्ह राइट ब्लॉकरशिवाय (ड्राइव्हवर काही लिहिलं जाऊ न देणारं उपकरण) संगणकाला लावला, तरी ड्राइव्हवरच्या नोंदी बदलू शकतात. आणि हे सगळं लवकर करायचं, कारण डिस्क भरली की डीव्हीआर जुन्या चित्रणावरच नवं लिहितो.

त्यानंतर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र. त्याचे दोन भाग आहेत: भाग अ उपकरण ताब्यात असणाऱ्याचा, भाग ब तज्ज्ञाचा. दुकानदाराची सही घेऊन भाग ब कोरा ठेवला, तर प्रमाणपत्र अर्धवट राहतं. दोन्ही भाग कोण, कधी आणि कशाच्या आधारावर भरणार, हे वर्गात नमुना भरूनच शिकवलं पाहिजे. प्रमाणपत्राचं महत्त्व महाराष्ट्राला नवं नाही. जालन्याच्या निवडणूक वादातून निघालेल्या अर्जुन पंडितराव खोतकर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२० मध्ये जुन्या पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब खालचं प्रमाणपत्र अनिवार्य ठरवलं. मूळ उपकरणच कोर्टात सादर झालं, तरच त्यातून सूट. या निकालावर एक पूर्ण तास नसेल, तर डिजिटल पुराव्याचा पेपर अपुरा आहे.

कायद्याच्या भागात उलटतपासाचा सराव सगळ्यात मोलाचा आहे. निवेदन पंचनामा घ्या, म्हणजे आरोपीच्या सांगण्यावरून वस्तू काढल्याचा पंचनामा. आरोपी म्हणतो, ‘ज्या चाकूनं मारलं तो मी खाटेखाली लपवलाय, काढून देतो.’ यातलं लपवल्याचं आणि काढून देण्याचं तेवढं पुराव्यात येतं. ‘ज्या चाकूनं मारलं’ हा कबुलीचा भाग येत नाही. प्रिव्ही कौन्सिलनं निकाल दिलेल्या पुलुकुरी कोट्टाया प्रकरणापासूनचा हा नियम, आता साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ मध्ये. तरीही सगळं वाक्य एका दमात लिहिलेले पंचनामे दिसतात. एखाद्या सरकारी वकिलानं विद्यार्थ्याला साक्षीदाराच्या जागी उभं करून त्याच्याच पंचनाम्यावर अर्धा तास प्रश्न विचारले, तर जे कळतं ते पन्नास पानांच्या नोट्समधून कळत नाही. असा सराव ठेवणारी पदविका दूर असली तरी घ्या.

जागांबद्दल थोडक्यात. राज्याच्या शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला आहेत. गांधीनगरचं राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठ मूळ गुजरातचं, २०२० च्या कायद्यानं राष्ट्रीय झालं. त्याचं गोव्यातलं केंद्र फोंड्याला आहे, सिंधुदुर्ग-कोल्हापूरकडच्यांना ते जवळ पडतं. कुठेही गेलात तरी प्रयोगशाळेचे तास प्रत्यक्ष किती, हे आधी विचारा. निव्वळ ऑनलाइन पदविकेतून कायदा शिकता येईल, सील लावायला शिकता येणार नाही.

नोकरीच्या बाजूनं दोन कामं आधी उरका. प्रवेशापूर्वी कार्यालयाची लेखी परवानगी घ्या, नंतर घेऊ म्हटलं की पदविका सेवापुस्तकात नोंदवताना अडतं. दुसरं हजेरीचं. गणपती आणि निवडणुकीचा बंदोबस्त लागला की सलग तीन-चार शनिवार-रविवार बुडतात. बंदोबस्ताच्या आदेशाची प्रत दिल्यावर हजेरीत सूट मिळते का, बुडालेलं प्रात्यक्षिक पुन्हा घेतात का, हे फी भरण्याआधी विभागप्रमुखांकडून लेखी घ्या. तोंडी ‘बघू’वर पैसे भरू नका.