गोठ्यामागचा जुना ट्रक: घरी उभा करायचा, गॅरेजला द्यायचा की मोडीत काढायचा?

आमची चारशेसात, म्हणजे टाटाचा छोटा ४०७ ट्रक, नऊ पावसाळे गोठ्यामागे उभी होती. बाबा होते तेव्हा हंगामात ती कापूस घेऊन जिनिंगला जायची, आंबिया बहाराची संत्री घेऊन नागपूरच्या कळमना मार्केटला जायची. बाबा गेले आणि गाडी जागेवरच राहिली. हौद्यात रुईची झाडं आली, केबिनमध्ये कोंबड्या अंडी घालू लागल्या. तिचं काय करायचं हे ठरवायला बसलो तेव्हा घरात तीन मतं निघाली. धाकटा भाऊ म्हणाला, घरीच करू. मामा म्हणाले, गॅरेजला टाका आणि मोकळे व्हा. आई म्हणाली, विकून टाका. शेवटी आम्ही निम्मं काम घरी आणि निम्मं बाहेर केलं. त्यात दोन उन्हाळे आणि दोन हिवाळे गेले. विदर्भातल्या आमच्या आर्वी-कारंज्याकडची माणसं आता हाच प्रश्न घेऊन येतात. त्यांना अंगणात बसून जे सांगतो, ते इथे सविस्तर लिहितो.

आधी खाली झोपा

घरी की गॅरेजला, हा प्रश्न नंतरचा. गंज कुठे आहे, हा पहिला. आमच्या मिस्त्रींनी गाडीकडे वरून पाहिलंसुद्धा नाही. पोतं अंथरून सरळ चासीखाली, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्याखाली, गेले आणि म्हणाले, "गाडी वरून नाही मरत भाऊ, खालून मरते."

एक जुना पेचकस आणि छोटी हातोडी घ्या. चासीच्या दोन्ही लांब पट्ट्यांवर, आडव्या पट्ट्यांच्या सांध्यांवर, स्प्रिंगच्या पाट्यांच्या ब्रॅकेटांवर ठोकत जा. खणखणीत आवाज आला तर लोखंड शाबूत आहे. आवाज बद्द आला, पापुद्रे गळाले किंवा पेचकस रुतला, तर तिथे लोखंड उरलेलं नाही. रिव्हेट मारलेल्या दुहेरी पट्ट्या नीट बघा. गंजाला मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा लागते. त्यामुळे दोन पट्ट्यांच्या मधे तो फुगतो आणि त्यांना एकमेकींपासून उचलतो. असा सांधा वरून रंगवला तरी आतून फाकतच राहतो.

आपल्याकडच्या गाड्या सडण्याची कारणंही आपलीच आहेत. काळी माती पाणी धरून ठेवते, म्हणून तिच्यावर उभी गाडी दिवाळीपर्यंत खालून ओलीच असते. गोठा जवळ असेल तर गोमूत्र आणि शेणाचा वाफारा पत्र्याला खातो. हौद्यात वर्षानुवर्षं खताच्या गोण्या वाहिलेल्या असतात. फुटक्या गोणीतलं पोटॅश फळ्यांच्या फटींतून चासीवर पडतं, आणि पोटॅश म्हणजे एक क्षारच. आमच्या गाडीत सगळ्यात वाईट जागा हौद्याखाली मागच्या बाजूला निघाली. गोण्या तिथूनच ओढल्या जायच्या.

चासी दोन-तीन ठिकाणी आरपार गेली असेल, तर घरी करण्याचा विचार इथेच सोडा. केबिन, फाळका (हौद्याची उघडणारी बाजू), मडगार्ड आणि बॅटरीची पेटी एवढंच सडलं असेल, तर पुढचं वाचा.

कोणती गाडी आहे, यानेही फरक पडतो

चारशेसात टाटांनी १९८६ मध्ये आणली. गाडी आटोपशीर आहे. चाक एकटा माणूस उतरवू शकतो. झाडाची फांदी मजबूत असेल तर चेनपुलीवर चार माणसं केबिनही उचलतात. पार्ट तालुक्याच्या गावात मिळतात आणि तिला हात न लावलेला मिस्त्री सापडणं कठीण.

टाटाच्या बाराशेदहासारखा (१२१०) जुना मोठा ट्रक ही वेगळी गोष्ट आहे. टाटा आणि जर्मनीच्या डायमलर-बेंझचा करार १९५४ ते १९६९ असा चालला. त्या घराण्याच्या गाड्या कणखर आहेत, पण त्यांचं वजन घरच्या जॅकला झेपत नाही. शिवाय अशा ट्रकच्या केबिन बहुतेक वेळा बॉडीवाल्यांनी लाकडी सांगाड्यावर बांधलेल्या असतात. म्हणजे पत्र्याबरोबर लाकूडही कुजलेलं असतं. विदर्भात मात्र इथे आपली सोय आहे. बल्लारशाचं सागवान आणि बैलगाडी बांधलेला सुतार अजून मिळतो, आणि असा सुतार केबिनचा सांगाडा शहरातल्या बॉडीवाल्याइतकाच चांगला करतो. तेव्हा मोठ्या ट्रकचं लाकूडकाम घरी आणि लोखंडकाम बाहेर, अशी वाटणी मला पटते.

गंज काढणं: इथे घर जिंकतं

गंज काढण्यात कसब थोडं आणि वेळ फार जातो. गॅरेजमध्ये तोच वेळ विकत घ्यावा लागतो. ठोक्यात काम दिलं तर कारागिराला लवकर संपवायचं असतं. मग दिसणारा गंज घासला जातो आणि उरलेल्यावर लांबी (पुट्टी) भरली जाते. सगळेच असं करतात असं नाही. पण आमच्या केबिनच्या दारात जुन्या कामाची बोटभर जाड लांबी निघाली आणि तिच्यामागे पत्राच नव्हता. कुठलीही रंगवलेली गाडी बघताना पातळ कापडात लोहचुंबक गुंडाळून पत्र्यावरून फिरवा. जिथे तो धरत नाही तिथे लांबी आहे.

घरी आम्ही अँगल ग्राइंडरला तारेचा ब्रश लावून मोठे भाग घासले. ब्रशच्या तारा तुटून गोळीसारख्या उडतात. पूर्ण चेहरा झाकणारी ढाल आणि अंगात जाड सुती कपडे असल्याशिवाय कुणालाही ग्राइंडर हातात देऊ नका. खोल खड्ड्यांत राहिलेल्या गंजाला फॉस्फोरिक आम्ल असलेलं रस्ट कन्व्हर्टर लावतात. ते गंजाचं लोहफॉस्फेट करतं आणि थर काळपट होतो. पण सुटे पापुद्रे खरवडून मगच लावायचं, नाहीतर वरचा थर बदलतो आणि आतला गंज तसाच राहतो.

छोट्या सुट्या भागांसाठी आम्ही प्लास्टिकच्या ड्रममध्ये पाणी आणि धुण्याचा सोडा घेऊन विजेचा प्रयोग केला. बॅटरी चार्जरची ऋण तार गंजलेल्या भागाला, धन तार साध्या लोखंडाच्या तुकड्याला. रात्रभरात बिजागऱ्या, कड्या, फाळक्याच्या साखळ्या अशा सुटल्या की मला स्वतःला नवल वाटलं. दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. धन बाजूला स्टेनलेस स्टील वापरायचं नाही, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. आणि ड्रम बंद खोलीत ठेवायचा नाही, कारण हायड्रोजन निघतो. आम्ही मांडवाखाली ठेवला होता आणि बिडी ओढणाऱ्यांना तिकडे फिरकू देत नव्हतो.

गॅरेजचा सँडब्लास्टिंगचा, म्हणजे दाबाच्या हवेने कण मारून गंज उडवण्याचा, पर्याय चासीसाठी उत्तम आहे, एका दिवसात उघडं लोखंड हातात येतं. केबिनच्या पातळ पत्र्यावर मात्र जोराचा मारा झाला तर लहरी पडतात. घरी कॉम्प्रेसर आणून नदीच्या वाळूने हे करण्याचा मोह टाळा. त्या धुळीतली सिलिका फुप्फुसात बसते, तिने सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही.

आणखी एक. चासी नंबर चासीवरच ठोकलेला असतो. ग्राइंडर फिरवायच्या आधी ती जागा शोधा, फोटो काढा, कागद ठेवून पेन्सिलीने छाप घ्या आणि तिथे फक्त हाताने, हलका ब्रश मारा. नंबर घासला गेला तर आरटीओच्या तपासणीत गाडी तुमचीच आहे हे सिद्ध करता करता नाकी नऊ येतील.

वेल्डिंग आणि ब्रेक: इथे घर हरतं

गावात फाटक, नांगर, ट्रॉली जोडणारे वेल्डर आहेत आणि त्यांचा हात चांगला आहे. पण केबिनचा पत्रा जेमतेम मिलिमीटरभर असतो. रॉडच्या वेल्डिंगने तो जोडायला गेलं की एक भोक बुजवताना दुसरं पडतं. त्यात गावचं व्होल्टेज संध्याकाळी खाली जातं आणि ठिणगी टिकत नाही. आम्ही केबिनच्या फरशीवर चार दिवस घालवले आणि शेवटी ती फरशी कापूनच टाकली. सीओटू वेल्डिंग (बारीक तार आणि वायूचं वेल्डिंग) असलेल्या गॅरेजमध्ये तेच काम दीड दिवसात झालं, तेही सरळ.

चासीवरची जोड तर घरी करूच नये. तिच्यावर टनांनी वजन येतं आणि चुकीच्या जागी दिलेल्या उष्णतेने शेजारचं लोखंड कमजोर होतं. शिवाय गाडीच्या मूळ रचनेत बदल करायचा असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आधी परवानगी लागते. डिझेलची टाकी कितीही धुतली तरी तिला वेल्डिंग लावू नका, दुसरी टाकी आणा.

ब्रेकबद्दल मी तडजोड करत नाही. लोखंडी ब्रेक पाइप आतूनही गंजतात, कारण ब्रेक ऑइल हवेतली ओल ओढून घेतं. बाहेरून घासून चकचकीत केलेला पाइप पहिल्या जोरकस ब्रेकला फुटू शकतो. सगळे पाइप, होज आणि सिलिंडरची रबरं नवी हवीत, आणि काम रोज ब्रेकच करणाऱ्या माणसाच्या हातून व्हायला हवं.

इंजिन मधोमध येतं. जाम झालेलं इंजिन सोडवणं घरी जमतं. इंजेक्टर काढायचे, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं डिझेल आणि ऑइल सोडायचं, आठवडाभर थांबायचं, मग क्रँकच्या पुढच्या बोल्टला पाना लावून हाताने हळूहळू फिरवायचं. घाईने सेल्फ (स्टार्टर) मारला तर पिस्टनची दांडी वाकते. टाकीतलं जुनं डिझेल तळाच्या पाण्यासकट काढून टाकल्याशिवाय काही सुरू करू नका. इंजिन हाताने फिरलं, तर पुढचं काम मिस्त्रींना अंगणात बोलावून होतं. नाही फिरलं, तर ते उतरवून शहरात पाठवावं लागेल.

ऋतू आणि हात

खर्चाचा हिशेब करणारे हे विसरतात. रंगासाठी आपल्याकडचे सगळ्यात चांगले दिवस नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मे महिन्यात पत्रा इतका तापतो की फवारलेला रंग पत्र्यावर पसरायच्या आधीच थिनर उडून जातं आणि पृष्ठभाग खरखरीत होतो. वावटळीची धूळ बसते ती वेगळी. पावसाळ्यात हवेतली ओल रंगात अडकते आणि पांढरी झाक येते.

पण हेच हिवाळ्याचे महिने कापूस वेचणीचे, तुरीचे, हरभऱ्याचे. घरी हात रिकामे कुठे असतात? आम्ही पहिल्या वर्षी इथेच फसलो. उन्हाळ्यात सगळी गाडी खोलली, घासली, रेड ऑक्साइड प्रायमर मारलं आणि रंग दिवाळीनंतर करू म्हणून ठेवली. रेड ऑक्साइड पाणी अडवत नाही, त्यातून ओल झिरपते. पावसाळा संपला तेव्हा अर्ध्या पत्र्यावर पुन्हा तांबूस ठिपके होते.

म्हणून घरी करायचं असेल तर वाटणी अशी करा. एप्रिल-मेमध्ये पहाटे पाच ते नऊ खोलणं आणि घासणं. उघडं लोखंड त्याच दिवशी झाकायचं, तेही शक्य असेल तर इपॉक्सी प्रायमरने. मृगाच्या आधी वर रंगाचा एक तरी हात द्यायचा आणि गाडी छताखाली न्यायची. गाडीखाली आधी मुरूम टाकून ठोकून घ्या. काळ्या मातीत जॅक एका बाजूला रुततो, म्हणून जॅकखाली जाड फळी आणि चासीखाली लाकडी ठोकळे हवेतच. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली आमच्या घरातलं कुणी गेलं नाही, जाऊ दिलं नाही. शेवटचा रंग जानेवारीत, सकाळी दव सुकल्यावर.

भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे पाऊस आमच्यापेक्षा बराच जास्त पडतो. तिकडे पक्कं छत नसेल तर मी सरळ गॅरेज सुचवेन. घरात दोन जणांना उन्हाळ्यातले चाळीस-पन्नास दिवस मोकळे नसतील, तरीही गॅरेजच. अर्धवट खोललेली गाडी उभ्या गाडीपेक्षा लवकर सडते आणि तिला गिऱ्हाईकही मिळत नाही.

गॅरेजला देताना काम ठोक्यात देऊ नका, रोजीवर किंवा टप्प्याटप्प्याने द्या. जुना रंग निघेपर्यंत किती पत्रा बदलावा लागेल हे कुणालाच सांगता येत नाही. पहिला टप्पा फक्त रंग आणि गंज उतरवण्याचा ठेवा, मग स्वतः जाऊन उघडा पत्रा बघा आणि पुढचं बोला. घासण्याचं काम घरी करून गाडी नेली तर हा टप्पाच वाचतो. आम्ही तेच केलं, आणि आमचे पैसे सगळ्यात जास्त तिथेच वाचले.

कागद

पाना हातात घेण्याआधी आरसी (गाडीचं नोंदणीपत्र) काढून बघा. मालवाहू गाडीला रस्त्यावर यायला फिटनेस प्रमाणपत्र लागतं, आणि आठ वर्षांवरच्या गाडीला ते दरवर्षी लागतं. जुन्या गाड्यांची फिटनेसची फी १ एप्रिल २०२२ पासून खूप वाढली आहे, तेव्हा आजचा आकडा आरटीओतून घेऊन खर्चात धरा. गाडी वापरात नसल्याची आगाऊ सूचना दिली नसेल, तर उभ्या गाडीवरही कर चढत राहिलेला असू शकतो. आमच्याकडे तो चढला होता. मालक हयात नसतील तर वारसांच्या नावावर करून घेणं आधी. रंग बदलणार असाल तर तोही आरसीवर चढवावा लागतो.

पन्नास वर्षांच्या गाडीला व्हिंटेज नंबर मिळतो असं ऐकून काही जण येतात. २०२१ चे ते नियम खाजगी वापराच्या दुचाकी आणि मोटारींसाठी आहेत. माल वाहणारा ट्रक त्यात बसत नाही.

मोडीत काढणं

चासी गेली असेल, कागद अडकले असतील किंवा घरात हात नसतील, तर मोडीत काढण्यात कमीपणा नाही. नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रात गाडी दिली तर जमा प्रमाणपत्र मिळतं. त्यावर नवी गाडी घेताना मोटार वाहन करात सूट मिळू शकते, खाजगी गाडीला २५ टक्क्यांपर्यंत आणि व्यावसायिक गाडीला १५ टक्क्यांपर्यंत. गावात येणारा भंगारवाला रोख देतो, पण नोंदणी तुमच्याच नावावर राहते. गाडी मोडल्यावर १४ दिवसांत आरटीओला कळवून नोंदणी रद्द करून घ्यायची असते. तसं केलं नाही, आणि तुमच्या नंबरची पाटी कुठल्या दुसऱ्या गाडीवर लागली, तर पोलीस तुमच्याच दारात येतील. भंगारवाल्याशी भाव ठरवतानाच दोन्ही नंबरपाट्या काढून घरात ठेवा.