पॉलिसी की फुले योजना? आमच्या घरात काय ठरलं

रिन्युअलचा मेसेज आला की ओळखीतलं कुणीतरी विचारतंच, ‘‘योजना आता सगळ्यांना आहे म्हणतात, मग पॉलिसी ठेवू की सोडू?’’ आमच्या घरानं दोन्हींचा अनुभव घेतलाय, म्हणून लिहितो. योजना म्हणजे राज्य सरकारची महात्मा फुले जनआरोग्य योजना. तिच्यात असलेल्या दवाखान्यात, यादीतल्या उपचारांना पाच लाखांपर्यंतचं कव्हर मिळतं.

पॉलिसीच्या बाजूनं बोलण्यासारखं बरंच आहे. आपल्या ओळखीचा डॉक्टर मिळतो, वेगळी खोली मिळते, योजनेच्या यादीत नसलेल्या उपचारालाही पैसे मिळतात. 2024 मध्ये पॉलिसी घेण्याआधीपासूनच्या आजाराला पैसे मिळण्यासाठी थांबण्याची मुदत चार वर्षांवरून कमाल तीनवर आली. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक पॉलिसीवरचा 18 टक्के जीएसटीही उठला. तिशीतल्या निरोगी माणसाला ती परवडतही असेल.

माझं मन मात्र एका रात्रीत फिरलं. 2022 चा पावसाळा. रात्री दीड वाजता वडिलांना छातीत दुखतं म्हणून दवाखान्यात नेलं. वय 68. ड्युटीवरच्या डॉक्टरनं विचारलं, ‘‘बीपी कधीपासून?’’ मी घाबरलेला. म्हणालो, ‘‘असेल दहा-बारा वर्षं.’’ खरं तर गोळी सुरू होऊन पाचच वर्षं झाली होती आणि 2019 च्या पॉलिसीच्या फॉर्मवर आम्ही बीपी नोंदवलंही होतं. पण केसपेपरवर ‘बीपी, 12 वर्षं’ असं उमटलं. सकाळी कंपनीचा प्रश्न आला, संध्याकाळी कॅशलेस, म्हणजे कंपनीनं बिल थेट दवाखान्याला भरणं, नाकारलं. कारण दिलं, आजाराची खरी माहिती लपवली. स्टेंटसाठी आईच्या पाटल्या पतसंस्थेत ठेवाव्या लागल्या. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडून जुन्या चिठ्ठ्या गोळा केल्या, विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या पुण्याच्या विमा लोकपालांकडं अर्ज केला (तिथं फी लागत नाही, हे लक्षात ठेवा) आणि सात महिन्यांनी पैसे मिळाले.

मिळाले, हे मान्य. पण तेव्हापासून वडील कुठल्याही नव्या डॉक्टरनं काही विचारलं की आधी माझ्याकडं बघतात. एकदा चार दिवस चक्कर येत होती, तेही त्यांनी सांगितलं नाही. म्हणाले, ‘‘लिहून घेतील.’’ आजारी माणसानं डॉक्टरला खरं सांगायला कचरावं, याचा मला जेवढा त्रास झाला तेवढा पाटल्यांचाही झाला नव्हता.

डिसेंबर 2024 मध्ये चुलतीची बायपास झाली. तिचं रेशनकार्ड पांढरं. 1 जुलै 2024 च्या आधी तिला ही योजना लागूच झाली नसती. आरोग्यमित्रानं, म्हणजे दवाखान्यातल्या योजनेच्या माणसानं, रेशनकार्ड आणि आधार घेतलं. डॉक्टरांनी साखर कधीपासून विचारलं, तेव्हा तिनं अठरा वर्षांचा सगळा इतिहास सांगितला. कधी पथ्य मोडलं, कधी गोळ्या बंद केल्या, तेही. योजनेत आधीचे आजार पहिल्या दिवसापासून धरलेले असतात, त्यामुळं तिच्या बोलण्याची कुणाला अडचण नव्हती. घरी सोडताना बिल भरावं लागलं नाही.

उणिवा आहेतच. पहिल्या दवाखान्यानं ‘योजनेतली खाट शिल्लक नाही’ म्हणून परत पाठवलं, दुसऱ्यानं घेतलं. ओळखीचे डॉक्टर सांगतात की दर कमी आहेत आणि पैसे उशिरा येतात. महिन्याच्या गोळ्या आपल्याच खिशातून. म्हणून चालू पॉलिसी घाईनं सोडा असं मी म्हणणार नाही. बायको-मुलांची मी ठेवलीय. वडिलांची सोडली, कारण सत्तरीपुढच्यांना ऑक्टोबर 2024 पासून उत्पन्न न बघता केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेच्या वय वंदना कार्डावर पाच लाखांचं कव्हर आहे. बीपी-साखर असलेल्या पन्नाशीपुढच्या माणसानं आज नवी पॉलिसी शोधण्याआधी जवळचे कुठले दवाखाने योजनेत आहेत ते बघावं, असं मला वाटतं.

माझी खरी काळजी वेगळी आहे. 2012 मध्ये राजीव गांधी जीवनदायी म्हणून सुरू झालेली ही योजना 2017 ला महात्मा फुल्यांच्या नावानं आली, कव्हर दीड लाखाचं पाच लाख झालं, पिवळ्या-केशरी कार्डांवरून सगळ्यांपर्यंत आली. हे सगळं शासन निर्णयांवर. निर्णयानं वाढलं ते निर्णयानं कमीही होऊ शकतं. राजस्थाननं 2023 मध्ये आरोग्य हक्काचा कायदा केला, तसा आपल्या विधानसभेनंही करावा. त्यात दवाखान्यांचे पैसे ठरल्या मुदतीत मिळावेत, योजनेतल्या मोकळ्या खाटा रोज दिसाव्यात आणि बीपी-साखरेच्या गोळ्याही याव्यात.

डिसेंबर 2024 मध्ये सार्वजनिक आरोग्य खातं राधानगरीच्या प्रकाश आबिटकरांकडं आलं आणि वैद्यकीय शिक्षण कागलच्या हसन मुश्रीफांकडं. दोघंही आपल्याच कोल्हापूर जिल्ह्यातले. मुंबई उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचसाठी कोल्हापूरनं किती वर्षं रेटा लावला, ते आपण बघितलंय. ऑगस्ट 2025 मध्ये ते सुरू झालं. या कायद्यासाठीही आपापल्या आमदारांना, खासदारांना भेटा, लिहून द्या. मी माझं पत्र दिलंय. सोबत त्या रात्रीच्या केसपेपरची झेरॉक्स जोडलीय, ‘12 वर्षं’ या शब्दांखाली रेघ मारून.