डीसी-कपल्ड इंटरफेस, अकरा महिने: सूर लागला, पण तो नॉब!

काल दुपारी लाइट गेली. पाच मिनिटांत आली आणि सिंथेसायझरवर लावलेला माझा काळी चारचा तंबोरा म्हशीसारखा हंबरायला लागला. आतून आईचा आवाज: "काय रे, काय मेलं?" म्हटलं, अर्धवट पडलेला हा इंटरफेसचा रिव्ह्यू आता पुरा करूनच टाकतो.

सेटअप साधा आहे. लॅपटॉपवर एबलटन लाइव्ह हे संगीताचं सॉफ्टवेअर आणि त्यांचे सीव्ही टूल्स; सीव्ही म्हणजे सिंथला सूर सांगणारं कंट्रोल व्होल्टेज. तिथून आठ आउटपुटचा एक जुना ऑडिओ इंटरफेस, म्हणजे लॅपटॉपचा आवाज बाहेर काढणारा डबा, आणि पुढे युरोरॅक, म्हणजे सुट्या मॉड्यूलचा सिंथ: डोप्फरचे सूर काढणारे दोन ए-110 ऑसिलेटर, एक फिल्टर, आवाज कमीजास्त करणारे दोन व्हीसीए. एक्सपर्ट स्लीपर्सचं ईएस-8 हे याच कामाचं मॉड्यूल घ्यायला हवं होतं हे मलाही कळतं. आठ आउट, चार इन, ±10 व्होल्ट, थेट रॅकमध्ये बसतं. पण बाहेरून मागवायचं, वर कस्टम ड्युटी भरायची, यात माझा हात आखडला. हा इंटरफेस सेकंडहॅंड 17,500ला मिळाला. आउटपुट डीसी-कपल्ड, म्हणजे स्थिर व्होल्टेज अडवणारा कपॅसिटर वाटेत नाही. एवढ्यावर घेतला. कंपनीचं नाव लिहीत नाही, भांडण वाढवायचं नाहीये.

पहिला आठवडा केबलनं खाल्ला. आउटपुट बॅलन्स्ड, म्हणजे सिग्नलच्या दोन तारा, आणि युरोरॅकचे जॅक मोनो, म्हणजे एकच. साधी मोनो केबल खुपसली की रिंग, म्हणजे दुसरी तार, ग्राउंडला शॉर्ट होते. पुण्याच्या तपकीर गल्लीतून जॅक आणले, रिंग मोकळी सोडून आठ केबली घरीच सोल्डर केल्या. मीटर लावला तर ±4.6 व्होल्ट मिळतात. सुरासाठी नऊ सप्तकं, म्हणजे रग्गड. पण 10 व्होल्ट मागणारं काही असेल तर ते अर्धंच उघडतं.

आता नॉब. पुढच्या पॅनेलवरचा मोठा गुळगुळीत व्हॉल्यूम नॉब, आणि तो सगळ्या आउटपुटवर चालतो. सगळ्या! स्पीकरसाठी ठीक आहे. पण इथे एक व्होल्ट म्हणजे एक सप्तक, एक सेमीटोन म्हणजे 83.3 मिलिव्होल्ट. नॉब 2 टक्के उतरला की 3 व्होल्टवरचा सूर 60 मिलिव्होल्ट घसरतो, पाऊण सेमीटोन. भाचा सहा वर्षांचा आहे. त्याला त्या टेबलावरच्या शंभर नॉबांपैकी नेमका हाच आवडतो. मी नॉब फुल ठेवून वर इन्सुलेशन टेप मारली, त्यानं टेपसकट फिरवला. बनवणाऱ्यानं हा नॉब मागे, खाली, कुठेही लावला असता तरी चाललं असतं.

त्यात चार नंबरच्या आउटपुटनं नाटक सुरू केलं. काहीही पाठवत नसताना तिथे 38 मिलिव्होल्ट. सर्व्हिस सेंटरला नेला. तीन आठवड्यांनी बोलावणं आलं.

"सर, आवाज येतोय की. एकदम क्लियर."

"आवाज नकोय हो मला. काही वाजत नसताना शून्य व्होल्ट हवेत." मीटर बरोबरच नेला होता, लावून दाखवला.

तो आकड्याकडे बघत राहिला. "एवढं चालतं, सर."

तपासणीचे 1,180 घेतले, पावतीवर लिहिलं 'दोष आढळला नाही'.

इथवर लिहून दोन महिने तसंच पडून होतं, आणि शेवटी 'दोन तारे, घेऊ नका' असं होतं. ते खोडतो. कारण सीव्ही टूल्समधल्या सीव्ही इन्स्ट्रुमेंटमध्ये कॅलिब्रेशन आहे आणि मी आळसानं ते कधी केलंच नव्हतं. ऑसिलेटरचा आवाज परत इनपुटला द्यायचा, ते स्वतःच प्रत्येक सूर ऐकून व्होल्टेज जुळवून घेतं. माझे 38 मिलिव्होल्ट त्यात गडप झाले. अट एकच, रॅक अर्धा तास आधी तापू द्यायचा, नाहीतर गार ऑसिलेटरला जुळवलेलं गरम झाल्यावर सरकतं. दुसरं, इंटरफेसच्या सेटिंगमध्ये खोल कुठेतरी सापडलं की नॉब फक्त 1-2 आउटपुटवर ठेवता येतो. नऊ महिने टेप लावत बसलो होतो!

टायमिंगबद्दल तक्रार शून्य. आधीच्या मिडी डब्यातून (मिडी म्हणजे वाद्यांना सूचना पाठवायची पद्धत) क्लॉक, म्हणजे तालाचा ठोका, लंगडायचा, इथे गेट, म्हणजे सूर सुरू-बंद करायचा इशारा, ऑडिओसारखाच जातो, सॅम्पलला सॅम्पल. 48 किलोहर्ट्झला 128 सॅम्पलचा बफर, म्हणजे बफरचा उशीर 2.7 मिलिसेकंद. फक्त सीव्हीची आउटपुटं चुकून स्पीकरला जोडू नका.

आणि ज्यासाठी पैसे वसूल झाले ते सांगतो. तंबोऱ्यावर सा-ग-प लावून ठेवलं होतं. आई भाजी निवडत होती, मान वर न करता म्हणाली, "गंधार चढलाय." बरोबर होतं. सप्तकाच्या बारा समान भागांतला, पेटीचा गंधार षड्जापासून 0.333 व्होल्टवर येतो आणि तंबोऱ्याच्या तारेतून उमटणारा गंधार, 5:4चा, 0.322 वर. अकरा मिलिव्होल्टचा फरक! सीव्हीला पेटीच्या पट्ट्या माहीतच नाहीत, तुम्ही द्याल ते व्होल्टेज. अकरा मिलिव्होल्ट उतरवले. गवारीच्या शेंगेचं टोक मोडता मोडता तिचा हात थांबला. "हां." बस. मग लगेच, "तानपुऱ्याचं अॅप फुकट मिळतं म्हणे."

राहिला नॉब. तर ते खोल दडलेलं सेटिंग लाइट गेली की पुसलं जातं आणि नॉब पुन्हा सगळ्यांचा मालक होतो. कालची म्हैस तीच. इंटरफेसला 12 व्होल्ट लागतात आणि राउटरचा मिनी यूपीएसही 12चाच. करंटही पुरतो, बघून घेतलं. नवीन 1,400ला आहे. आज सकाळी राउटरचाच काढून इकडे लावला. आता लाइट गेली तर वायफाय जाईल, सूर राहील. घरात अजून कुणाला सांगितलेलं नाही.

साडेतीन तारे. उरलेला दीड नॉबचा.