इम्पेलर खरंच फिरवायचा की फिरतोय असं धरायचं? एमआरएफ आणि स्लायडिंग मेश

सड्यावरच्या कलमांना पाणी चढवणारा मोनोब्लॉक पंप, लोटे-परशुरामच्या कारखान्यातला ॲजिटेटर लावलेला रिॲक्टर, नाहीतर आंब्याचा पल्प आटवायची केटल. तिन्हींत काहीतरी फिरतं. प्रवाहाचं गणित करणाऱ्या (सीएफडी) सॉफ्टवेअरमध्ये ते खरोखर फिरवायचं की जागेवर ठेवून फिरतंय असं मानायचं, हे मेश (प्रवाहाची जागा बारीक खणांत, म्हणजे सेलमध्ये, वाटणारी जाळी) करण्याआधीच ठरवलेलं बरं.

एमआरएफमध्ये (मल्टिपल रेफरन्स फ्रेम) मेश तसूभरही हलत नाही. इम्पेलर, म्हणजे पात्यांचं फिरतं चाक, त्याच्याभोवतीच्या गोल झोनपुरती समीकरणं फिरत्या चौकटीत सोडवली जातात. उत्तर मिळतं ते एका क्षणी काढलेल्या फोटोसारखं. स्लायडिंग मेशमध्ये तो झोन दर टाइमस्टेपला (गणितातल्या वेळेच्या प्रत्येक छोट्या टप्प्याला) खराच थोडा सरकतो आणि हद्दीवरच्या पृष्ठभागातून बाहेरच्या स्थिर मेशशी देवाणघेवाण करतो. फ्ल्युएंट या सॉफ्टवेअरमध्ये हे दोन पर्याय ‘फ्रेम मोशन’ आणि ‘मेश मोशन’ या नावांनी येतात. ओपनफोम या सॉफ्टवेअरमध्ये पहिल्यासाठी सिम्पलफोम हा सॉल्व्हर आणि एमआरएफची फाइल, दुसऱ्यासाठी पिम्पलफोम हा सॉल्व्हर आणि एएमआय (फिरती व स्थिर मेश जोडणारे) पृष्ठभाग. पुढेमागे स्लायडिंग करायचं मनात असेल तर झोनची हद्द सुरुवातीलाच वेगळा पृष्ठभाग म्हणून काढून ठेवा.

आता खर्च. पंप २८८० आरपीएमचा धरू. म्हणजे सेकंदाला ४८ फेरे, १७,२८० अंश. टाइमस्टेपला १ अंश घेतला तर एक टाइमस्टेप सुमारे ०.००००५८ सेकंदांचा. प्रवाह स्थिरावायला १० फेरे लागले तर ३६०० टाइमस्टेप, प्रत्येकात २० इटरेशन (गणिताची आवर्तनं), एकूण ७२,०००. त्याच मेशवर एमआरएफ ३००० इटरेशनमध्ये बसतो. जेवून उठल्यावर लावलेला एमआरएफ संध्याकाळच्या चहापर्यंत उरकत असेल, तर स्लायडिंगला चार दिवस लागतील. सुरुवात एमआरएफच्या उत्तरापासून केली तर पहिले काही फेरे वाचतात, आणि ते नेहमीच करावं.

पंपाचा हेड (पाणी किती मीटर चढतं ते) आणि पॉवर एवढंच हवं असेल तर एमआरएफ पुरतो. फक्त एकाच कोनावर विसंबू नका. पातं व्होल्यूटच्या (पंपाच्या गोगलगायीसारख्या कवचाच्या) जिभेसमोर आहे की तिच्यापासून लांब, यावर हेड बदलतो. सहा पात्यांच्या इम्पेलरमध्ये दर ६० अंशांनी तीच स्थिती येते, म्हणून ०, १५, ३० आणि ४५ अंशांवर चार रन करून सरासरी घ्या. चार रन मिळूनही स्लायडिंगच्या सहाव्या भागात होतात. व्हॉल्व्ह बराच बंद असतानाचा बिंदू मात्र वेगळा. तिथे मॉनिटरवर हेड झुलत राहतो, कारण प्रवाहच स्थिर नाही. शेवटचा आकडा उचलून अहवालात टाकू नये. कंपन किंवा दाबाचे ठोके शोधायचे असतील (इथे ६ गुणिले ४८, म्हणजे २८८ हर्ट्झ) तर स्लायडिंगला पर्याय नाही.

उत्तर आलं की आधी कागदावर ताडून बघा. १३० मिमी इम्पेलरच्या टोकाचा वेग २८८० आरपीएमला १९.६ मीटर प्रतिसेकंद. त्याचा वर्ग भागिले ९.८१ म्हणजे ३९ मीटर, आणि प्रत्यक्ष हेड साधारण त्याच्या निम्मा, विशीच्या आसपास. आकडा शेकडो मीटरांत गेला तर बहुधा रेडियनच्या रकान्यात आरपीएम टाकलेत. ओपनफोमला रेडियन प्रतिसेकंद लागतात, म्हणजे ३०१.६. तिथे २८८० टाकलं की वेग साडेनऊ पट होतो, हेड नव्वद पट आणि पॉवर पावणेनऊशे पट. ही चूक निदान डोळ्यांत भरते. दिशेची चूक लपून राहते. फेज उलटे जोडले की मोटर उलटी फिरते, तरी पंप थोडं पाणी देतोच. मॉडेलमध्येही अक्षाचं चिन्ह चुकलं तर हेड नुसता कमी दिसतो आणि माणूस मेशला दोष देत बसतो.

रिॲक्टरचं गणित वेगळं. दीड मीटर व्यासाची टाकी, अर्ध्या मीटरचा रश्टन टर्बाइन (चकतीवर उभी पाती असलेला ॲजिटेटर), भिंतीलगत १५ सेमी रुंद उभ्या पट्ट्या म्हणजे चार बॅफल, १२० आरपीएम, पाण्यासारखा द्रव. पॉवर नंबर (ढवळायला लागणाऱ्या पॉवरचा एकक नसलेला गुणांक) ५ च्या आसपास असतो, म्हणजे सुमारे १२५० वॅट आणि १०० न्यूटन-मीटर टॉर्क. इथे पात्याचं टोक २५ सेमी त्रिज्येवर आणि बॅफलची कड ६० सेमीवर, त्यामुळे झोनची हद्द ४०-४२ सेमीवर ऐसपैस बसते. बॅफल चुकूनही झोनमध्ये घेऊ नका, आणि झोनच्या वरचा शाफ्ट फिरती भिंत म्हणून वेगळा द्यायला विसरू नका. मोटर निवडायची असेल तर एमआरएफ. डोसिंग केलेलं रसायन किती सेकंदांत मिसळतं हे हवं असेल तर एमआरएफच्या गोठलेल्या प्रवाहावर भरवसा नको, कारण पात्यामागचे भोवरे त्यात एकाच जागी अडकलेले असतात.

पल्पच्या केटलला या दोन्हींची गरज नाही. अँकर (नांगराच्या आकाराचा ॲजिटेटर) भिंतीला घासत फिरतो, बॅफल नसतात, भांडं गोल. त्यामुळे सगळी केटलच फिरत्या चौकटीत घ्या आणि भिंतीचा निरपेक्ष वेग शून्य ठेवा. एमआरएफची हद्द टाकायला तिथे जागाच नसते. टेफ्लॉनचा स्क्रॅपर भिंतीला टेकत असला तरी मॉडेलमध्ये १-२ मिमी फट सोडा, नाहीतर मेश तिथे चिरडते. पल्प ढवळला की पातळ होतो, म्हणून स्थिर व्हिस्कॉसिटी (दाटपणा) देऊ नका.

स्लायडिंग निवडलंत तर दोन ठिकाणी हमखास अडतं. एक, हद्दीच्या दोन्ही बाजूंचे सेल जवळपास सारख्या मापाचे हवेत. एका बाजूला २ मिमी आणि दुसरीकडे ८ मिमी असेल तर गोलाईचे कोपरे जुळत नाहीत. लॉगमध्ये एएमआयचे वेट (दोन्ही बाजूंचे पृष्ठभाग किती जुळतात ते सांगणारे आकडे) छापले जातात. ते १ च्या आसपास हवेत. किमान वेट ०.३ दिसलं तर तिथून पाणी गळतंय समजा. दुसरं, एमआरएफची केस तशीच उचलून पात्यांवर स्थिर भिंतीचीच अट ठेवली जाते. मेश फिरते, पण पात्यावरचा वेग शून्यच धरला जातो. तिथे ‘मूव्हिंग वॉल व्हेलॉसिटी’ हवी.

ॲनिमेशनचा मोह बऱ्याचदा निर्णय फिरवतो. नुसतं ग्राहकाला दाखवायचं असेल तर एमआरएफचं उत्तर घेऊन पॅराव्ह्यू या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये इम्पेलरचा पृष्ठभाग ट्रान्सफॉर्म फिल्टरने फिरवता येतो. मात्र रंग पात्यांना चिकटूनच फिरतात, बदलत नाहीत, आणि ते चित्र आहे, निकाल नाही, हे सांगायला हवं. खरं ॲनिमेशन करताना फ्रेमचं अंतर जपा. सहा पात्यांचा इम्पेलर दर ६० अंशांनी सेव्ह केला तर व्हिडिओत तो जागचा हलतच नाही, ५५ अंशांनी केला तर उलटा फिरताना दिसतो. ६ अंश घ्या, फेऱ्याला ६० फ्रेम होतात. पण सगळी मेश सेव्ह करू नका: २० लाख सेलना वेग, दाब आणि टर्ब्युलन्स मिळून दर फ्रेमला १०० एमबीच्या आसपास, म्हणजे एका फेऱ्याला ६ जीबी. रन चालू असतानाच फक्त एक काप आणि इम्पेलरचा पृष्ठभाग वेगळा लिहून घ्या.

पावसाळ्यात चार दिवसांचा रन लावणार असाल तर लाईट जाणार हे धरूनच चला. पूर्ण फील्ड (सगळ्या सेलमधले वेग, दाब वगैरे) दर अर्ध्या फेऱ्याला लिहा, शेवटच्या तीनच वेळा ठेवा. काप वेगळ्या फोल्डरमध्ये असल्यामुळे ते पुसले जात नाहीत. लाईट आल्यावर शेवटचा फोल्डर बहुधा अर्धवट लिहिलेला असतो. तो काढून टाका आणि त्याच्या आधीच्यापासून रन सुरू करा.