कोन कुणीच मोजला नाही: 97,900 कुठे गेले त्याचा हिशेब

आधी हिशेब. व्हिडिओ सल्ला 1,500. 'फायब्रोसिस पॅनल' नावाची रक्ततपासणी 6,800. कॅप्सूल 180, म्हणजे 60 च्या तीन डब्या, 21,600. शॉकवेव्हच्या, म्हणजे यंत्राने ठोके देण्याच्या, 12 सिटिंग, प्रत्येकी 4,500 प्रमाणे 54,000. तेल आणि पट्टा असलेलं 'दुसऱ्या टप्प्याचं किट' 14,000. बेरीज 97,900. यातलं काहीही पेरोनीजवर, म्हणजे लिंगात कडक चट्टा धरून ते वाकतं त्या आजारावर, लागू पडणारं नव्हतं. आणि तक्रार करायला दीड महिना लागला, कारण कुठल्या अवयवासाठी पैसे भरले हे खिडकीपलीकडच्या अनोळखी माणसाला सांगावं लागणार होतं. हा माल विकणाऱ्या लोकांचा सगळा धंदा या दीड महिन्यावर चालतो.

कारण साधं होतं. ताठर अवस्थेत लिंग जोरात मुडपलं, कळ आली. नंतर वरच्या बाजूला बोटाला टणक लागायला लागलं, ताठरता आली की दुखायचं आणि वाक दिसायचा. पहिल्या डॉक्टरांनी हात न लावता दोन मिनिटांत सांगितलं, "काही नाही, डोक्यात घेऊ नका." ही सबब नाही. दवाखान्याच्या दारातून असा परत पाठवलेला माणूस रात्री फोनवर शोधत बसतो आणि तिथे त्याची वाट बघणारे असतात.

इथेच एक सांगून ठेवतो. मुडपताना 'कट्' असा आवाज झाला, ताठरता क्षणात उतरली, सूज आली आणि कातडी जांभळी पडली, तर शोधत बसू नका. आतलं आवरण फाटलेलं असतं. त्याच दिवशी, त्याच तासाला मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागात जा, ते शिवावं लागतं. लघवीच्या तोंडाशी रक्त दिसलं किंवा लघवी अडली, तर मूत्रनलिकाही फाटली असू शकते. हे न शिवता राहिलं तर त्याच जागी व्रण धरू शकतो आणि वाक कायमचा बसू शकतो.

आता ती वेळ, जी आठवली की आजही झोप उडते. फोनवर सापडलेल्या त्या लोकांनी दोन फोटो मागितले. ताठर नसतानाचे. फोटो पाठवल्यावर 11 मिनिटांत उत्तर: "पेरोनीज, दुसरी स्टेज, प्लाक 2.3 सेंटिमीटर." मी तो आकडा वाचला आणि हायसं वाटलं! कोणीतरी शेवटी मोजून सांगितलं असं वाटलं. दोन-तीन सेंटिमीटर म्हटलं असतं तर कदाचित शंका आली असती. दशांश चिन्हाने माझं तोंड बंद केलं. पण शिथिल लिंगाच्या फोटोत प्लाक, म्हणजे तो टणक चट्टा, दिसत नाही, कारण तो कातडीखाली, ट्युनिका अल्बुजिनिया या आवरणात असतो आणि बोटांनी किंवा सोनोग्राफीतच सापडतो. आणि वाक शिथिल अवस्थेत बहुधा दिसतच नाही. म्हणजे जे फोटोवरून कळणं शक्य नव्हतं त्याचा त्यांनी दशांशापर्यंत आकडा दिला, आणि ज्याचा आकडा खरोखर काढता येतो तो वाकाचा कोन विचारलासुद्धा नाही. हे त्याच रात्री दिसायला हवं होतं. मी शाळेत कोनमापक वापरलेला माणूस आहे, मला दिसायला हवं होतं.

हा आजार कसा होतो ते माहीत असेल तर हे लोक पहिल्या वाक्यात उघडे पडतात. ट्युनिका म्हणजे ताठरतेचा दाब धरून ठेवणारी चिवट पिशवी. शिथिल असताना ती साधारण 2 मिलिमीटर जाड असते, ताठरतेत ताणून अर्ध्या मिलिमीटरच्याही खाली येते, आणि या पातळ अवस्थेत मुडपली तर तिच्या थरांमध्ये इजा होते. काही जणांत ती जखम नीट भरून येण्याऐवजी तिथे कोलॅजनचा कडक चट्टा जमतो. चट्टा ताणला जात नाही, बाकीचं आवरण ताणलं जातं, म्हणून लिंग चट्ट्याच्या बाजूला वळतं. चट्टा बहुधा वरच्या बाजूला असतो, म्हणून वाकही बहुधा वरच्या दिशेने. 1743 मध्ये फ्रान्सचा राजा पंधरावा लुई याच्या दरबारातल्या फ्रांस्वा द ला पेरोनी या शल्यवैद्याने याचं वर्णन केलं, त्यावरून हे नाव. 'स्टेज दोन' वगैरे काही नाही. अवस्था दोनच: सक्रिय, म्हणजे दुखतं आणि वाक बदलत राहतो, आणि स्थिर, म्हणजे दुखणं थांबतं आणि वाक निदान तीन महिने तसाच राहतो. सक्रिय अवस्था वर्ष-दीड वर्षसुद्धा चालते.

दुखापतीनंतर लागलेलं प्रत्येक टणक म्हणजे पेरोनीज नव्हे, हेही कोणी सांगितलं नाही. वरच्या बाजूची शीर गोठली तर ती दोरीसारखी लांबट आणि टणक लागते, घाबरवून सोडते आणि काही आठवड्यांत आपोआप विरते. साध्या मुक्या मारानेही काही दिवस दुखतं. वाक वयात आल्यापासूनच असेल आणि चट्टा लागत नसेल, तर ती जन्मजात ठेवण. उलट पेरोनीज झालेल्या पुष्कळांना कुठलीच दुखापत आठवत नाही. हे वेगवेगळं ओळखायला हात लावणारा यूरोलॉजिस्ट लागतो.

आता फॉर्म. दर आठवड्याला एक 'प्रगती फॉर्म' यायचा. वेदना 0 ते 10 मध्ये किती, सकाळची ताठरता कशी, आत्मविश्वास किती. कोनाचा रकाना नाही. पहिल्या आठवड्यात वेदना 7, अकराव्या आठवड्यात 2. मी स्वतःच्या हाताने ते आकडे भरत होतो आणि आनंदाने पुढचा हप्ता देत होतो. या आजारात वेदना बहुतेकांची आपोआप जाते, काही न करता, सक्रिय अवस्था ओसरली की. जात नाही तो वाक. उपचार न घेतलेल्यांत साधारण आठात एकाचाच वाक आपला आपण कमी होतो, बाकीच्यांचा तसाच राहतो किंवा वाढतो. म्हणजे वेदना कमी होणं हा त्यांच्या मालाचा गुण नव्हता, ते काळाने केलं. त्यांनी मला काळ विकला, 4,500 ला वीस मिनिटं या दराने.

शॉकवेव्हचं यंत्रही तेच नव्हतं. खऱ्या फोकस्ड शॉकवेव्हची ऊर्जा ठरावीक खोलीवर एकवटते. यांच्याकडे होतं ते रेडियल, हवेच्या दाबाने ठोके देणारं, ज्याचा जोर कातडीपाशी सगळ्यात जास्त आणि आत जाईल तसा घटत जातो. पण हा फरकसुद्धा दुय्यम आहे. फोकस्ड असतं तरी वाकासाठी शॉकवेव्ह वापरू नये असंच यूरोलॉजीच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. फार तर दुखण्यासाठी. अमेरिकन यूरोलॉजिकल असोसिएशनच्या 2015 च्या सूचनेत हे स्पष्ट आहे. त्याच सूचनेत व्हिटॅमिन ई, टॅमॉक्सिफेन, ओमेगा-3 आणि कार्निटीनसोबतचं व्हिटॅमिन ई हेही देऊ नका असं लिहिलंय. त्या कॅप्सूलच्या डबीवर काय छापलं होतं? व्हिटॅमिन ई, कार्निटीन, 'आणि वनस्पती'.

कॅप्सूलबद्दल वेगळं. घेतल्यावर तासाभरात डोकं दुखायचं, तोंड लाल व्हायचं, नाक चोंदायचं. ते म्हणाले, "रक्ताभिसरण सुरू झालं." ही लक्षणं सिल्डेनाफिलच्या, म्हणजे ताठरतेच्या गोळ्यांच्या, गटातल्या औषधांची ओळखीची लक्षणं आहेत. 'नैसर्गिक' म्हणून विकल्या जाणाऱ्या अशा मालात सिल्डेनाफिल किंवा टाडालाफिल न सांगता मिसळलेलं वेळोवेळी सापडलेलं आहे. छातीत दुखण्यासाठी नायट्रेटच्या गोळ्या घेणाऱ्याने असलं काही गिळलं तर रक्तदाब इतका कोसळू शकतो की जीव जाईल. मला कोणीही, एकदाही, दुसरी कुठली औषधं चालू आहेत का हे विचारलं नाही.

रक्ततपासणीवर 6,800 घालवणाऱ्यांनो, हा आजार दाखवणारी रक्ततपासणीच नाही. साखर तपासा, मधुमेहाशी याचा संबंध असतो. तेवढी तपासणी साध्या प्रयोगशाळेत होते.

शेवटी आलं ते इंजेक्शन. 'प्लाक विरघळवणाऱ्या' आठ कुप्या, 1,60,000, "90 टक्के सरळ होण्याची हमी". नमुन्याचा फोटो पाठवला: पिवळसर द्रव, लेबल अर्धं. इथे मात्र थांबलो, कारण तोवर वाचायला लागलो होतो. चट्ट्यातलं कोलॅजन तोडणाऱ्या कोलॅजिनेजचं खरं इंजेक्शन असतं. अमेरिकेत त्याला डिसेंबर 2013 मध्ये मान्यता मिळाली, 30 अंश किंवा जास्त वाक आणि बोटाला लागणारा चट्टा असेल तर. पण ते कोरडी पावडर म्हणून येतं, 2 ते 8 अंश सेल्सिअसला ठेवावं लागतं आणि टोचण्याआधी सोबतच्या द्रवात कालवतात. एका वेळी 0.58 मिलिग्रॅम, एक ते तीन दिवसांच्या अंतराने दोनदा, अशा जास्तीत जास्त चार फेऱ्या, दोन फेऱ्यांत सुमारे सहा आठवडे. चाचण्यांत वाक सरासरी 34 टक्के कमी झाला, नुसतं खोटं इंजेक्शन दिलेल्यांत 18 टक्के. म्हणजे 60 अंशांचे साधारण 40. आणि ते टोचल्यावर आवरण फाटण्याचा धोका असतो, म्हणून प्रशिक्षित डॉक्टरच देतात. मी विचारलं, बॅच नंबर काय, टोचणार कोण, आणि आधी कोन कोण मोजणार? दोन निळ्या खुणा आल्या. नंतर नंबर बंद.

मग फिरणं सुरू झालं. पोलीस ठाण्यात बाकड्यावर चार माणसं ऐकत असताना विचारलं गेलं, "नेमका त्रास काय होता?" वेगळ्या खोलीत बोलू का म्हटलं, तर "लवकर सांगा" असं उत्तर. पैसे तुम्ही स्वतः पाठवले, वस्तू मिळाली, मग फसवणूक कसली, हे तीन वेळा ऐकलं. बँक म्हणाली, व्यवहार तुमच्याच परवानगीने झाला. वैद्यक परिषदेत गेलो तर सांगितलं, ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तो आमच्याकडे नोंदलेला डॉक्टरच नाही, म्हणून आमचा अधिकार चालत नाही. म्हणजे डॉक्टर नसताना डॉक्टरकी केली हाच ज्याचा गुन्हा, तो डॉक्टर नाही म्हणूनच सुटतो! ग्राहक तक्रारीच्या कार्यालयात बिल मागितलं. बिलावर 'वेलनेस सेवा' एवढंच छापलं होतं, आजाराचं नाव नाही, हमी नाही. हमी सगळी कॉलवर दिलेली. औषध विभागाने सांगितलं, सीलबंद डबी आणा, उघडलेली चालत नाही. पाच ठिकाणी पाच अर्ज, प्रत्येकात तीच लाजिरवाणी ओळ पुन्हा लिहायची, आणि प्रत्येक जण दुसऱ्या खिडकीकडे बोट दाखवणार. माणूस दमून घरी बसतो ते याच फेऱ्यांनी.

म्हणून पैसे भरायच्या आधी: कॉलवर मिळालेली प्रत्येक हमी लेखी मागा, निदान मेसेजवर. नोंदणी क्रमांक मागा आणि परिषदेच्या यादीत स्वतः शोधा. बिलावर आजाराचं नाव लिहून घ्या. एक डबी न उघडता बाजूला ठेवा. भरून झाले असतील तर चॅट पुसू नका, लाज वाटली तरी नाही. मी पहिल्या महिन्याचं पुसलं, आणि नेमका तो 2.3 सेंटिमीटरचा मेसेज त्यात गेला.

खरी तपासणी कशी असते तेही लिहितो, म्हणजे खोटी ओळखता येईल. डॉक्टर विचारतात: कधीपासून, दुखतं का, वाक अजून बदलतोय का, ताठरता पुरेशी येते का, तळहातात गाठी आहेत का (तळहाताची बोटं आखडणारा ड्युप्युट्रेनचा विकार याच्या सोबत असू शकतो). मग लिंग हलकं ताणून दोन बोटांत धरून चट्टा शोधतात. ताणलेली लांबी मोजतात, ही नोंद शस्त्रक्रियेची वेळ आली तर फार कामाची. घरून ताठर अवस्थेतले तीन फोटो न्यावेत: वरून, बाजूने, समोरून. शस्त्रक्रिया किंवा इंजेक्शन ठरवण्याआधी दवाखान्यात औषध टोचून ताठरता आणतात आणि कोनमापकाने कोन घेतात, बहुधा डॉप्लर, म्हणजे रक्तप्रवाह दाखवणाऱ्या, सोनोग्राफीसह. त्यानंतर ताठरता चार तासांत उतरली नाही, तर तडक परत जायचं, सकाळची वाट बघायची नाही. सक्रिय अवस्थेत कोणी ऑपरेशन सुचवलं तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या, कारण वाक अजून बदलणार असतो. टाके घालून सरळ करणाऱ्या शस्त्रक्रियेत लांबी थोडी कमी होते, हे आधी न सांगणाऱ्याकडून करून घेऊ नका. ताण देणारं उपकरण, म्हणजे ट्रॅक्शन, काहींना उपयोगी पडतं, पण रोज नेमाने, महिनोन्‌महिने लावावं लागतं. त्यांचा पट्टा ट्रॅक्शन नव्हता, नुसता इलॅस्टिक होता.

माझी अशी तपासणी शेवटी झाली तेव्हा कोन निघाला 35 अंश. पंचवीस मिनिटं लागली आणि जे पैसे पडले ते त्यांच्या एका सिटिंगपेक्षा कमी. सुरुवातीला किती होता हे आता कधीच कळणार नाही, कारण त्या चार महिन्यांत कोणी मोजलाच नाही, मीसुद्धा नाही. वाढला की तेवढाच आहे, हे विचारल्यावर डॉक्टर म्हणाले, "आजपासून मोजू."

तिसऱ्या डबीचं सील शाबूत होतं. ती औषध विभागात घेऊन गेलो, पोच घेतली. नमुना तपासायला पाठवला का, हे विचारायला चार वेळा गेलोय.