बारकोड स्कॅनर आणि कप्प्यांचे पत्ते : गोदामातील आठ महिन्यांचा अनुभव

आमच्या छोट्या कंपनीत गोदामाची जबाबदारी माझ्याकडे आहे. नळ आणि पाइप यांच्या दुरुस्तीला लागणारे सुटे भाग आम्ही विकतो. वॉशर, रबरी रिंगा, जोड, झडपा असे सुमारे नऊशे प्रकार आहेत आणि त्यांतले कितीतरी इतके सारखे दिसतात की पाकिटावरचे माप वाचल्याशिवाय ओळखता येत नाहीत. आठ महिन्यांपूर्वीपर्यंत कोणता माल कुठे आहे, हे दोन जुन्या सहकाऱ्यांनाच ठाऊक असे आणि त्यांच्यापैकी एक जण रजेवर गेला की दुपारी निघायच्या ऑर्डरी संध्याकाळपर्यंत रेंगाळत. म्हणून आम्ही दोन बिनतारी बारकोड स्कॅनर, लेबल छापण्याचा प्रिंटर आणि साठ्याची नोंद ठेवणारे एक साधे सॉफ्टवेअर घेतले.

पहिल्या महिन्यात निराशा झाली. आम्ही फक्त मालावर बारकोड चिकटवले होते. त्यामुळे चुकीचा नग खोक्यात जाणे कमी झाले, पण ऑर्डर बाहेर पडायला पूर्वीइतकाच वेळ लागत होता. मग एका सकाळी मी घड्याळ घेऊन एका सहकाऱ्यामागे फिरलो. आठ नगांच्या एका ऑर्डरीसाठी तो एकाच रॅकपाशी तीन वेळा गेला, कारण यादीत नग आले त्या क्रमाने तो माल काढत होता, आणि दोनदा तो नुसता उभा राहून कप्प्यांवरून नजर फिरवत होता. वेळ नोंदीत जात नव्हता. चालण्यात आणि शोधण्यात जात होता, आणि त्यावर स्कॅनर एकटा काहीच करू शकत नाही.

त्यानंतर आम्ही प्रत्येक कप्प्याला पत्ता दिला. ‘बी-०३-१२’ म्हणजे बी ओळ, तिसरा रॅक, बारावा कप्पा. सॉफ्टवेअरमधून निघणारी यादी आता याच पत्त्यांच्या क्रमाने येते, त्यामुळे माणूस एका टोकाकडून निघतो आणि मागे न वळता दुसऱ्या टोकाला पोहोचतो. रोज जाणारे प्रकार पॅकिंगच्या टेबलाजवळ, कमरेपासून खांद्यापर्यंतच्या कप्प्यांत आणले. वर्षातून दोनदा विकले जाणारे मागच्या भिंतीला गेले. छोट्या ऑर्डरी एकेक न काढता सहा-सहा एकत्र काढतो आणि गाडीवर प्रत्येकीला वेगळा ट्रे ठेवतो. खरा फरक इथे पडला. नव्याने आलेला मुलगा दुसऱ्याच दिवशी कोणाला न विचारता माल काढू लागला, हे मी या गोदामात प्रथमच पाहिले.

तरीही सर्वांत महत्त्वाचा बदल माल पाठवण्याच्या बाजूला नसून माल आत घेण्याच्या बाजूला होता, आणि हे समजायला मला चार महिने लागले. एकदा १९ मिलिमीटरच्या वॉशरची पाकिटे २० मिलिमीटरच्या कप्प्यात गेली. माल काढणाऱ्याने पाकीट स्कॅन केले, यंत्राने चूक असल्याचा आवाज दिला. त्याने दुसरे पाकीट घेतले, पुन्हा तोच आवाज. यंत्राने चूक पकडली खरी, पण योग्य पाकिटे शोधण्यात अर्धा तास गेला आणि मागची पाच खोकी टेप न लावता पडून राहिली. तेव्हापासून माल ठेवताना आधी कप्पा आणि मग पाकीट स्कॅन केल्याशिवाय नोंद पुढे सरकत नाही, अशी सोय सॉफ्टवेअरमध्ये करून घेतली. माल उतरवायला यामुळे जास्त वेळ लागतो, तो मी आनंदाने देतो.

आता उपकरणांबद्दल. स्कॅनर घेताना लेझरचा न घेता कॅमेऱ्याच्या तत्त्वावर चालणारा घ्यावा. लेझरचा स्कॅनर फक्त रेघांचे बारकोड वाचतो, क्यूआर कोड वाचू शकत नाही, आणि मोबाइलच्या पडद्यावरचा बारकोडही सहसा त्याला वाचता येत नाही. कप्प्यांवर आम्ही मुद्दाम क्यूआर कोड लावले आहेत. १९९४ मध्ये जपानमध्ये वाहनांच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी तो तयार झाला आणि कोड बनवताना चूक-दुरुस्तीची (खराब झालेला भाग भरून काढण्याची) सर्वांत वरची पातळी निवडली तर जवळपास ३० टक्के भाग खराब झाला तरी वाचता येतो. खोकी घासून लेबले खरवडली जातात, तिथे हा गुण उपयोगी पडतो.

लेबलांच्या बाबतीत मात्र आमची चूक झाली. नुसत्या उष्णतेने छापली जाणारी, शाईची रिबन न लागणारी लेबले आम्ही सगळीकडे लावली. खिडकीजवळच्या रॅकवरची काही महिन्यांत इतकी फिकट झाली की दोनशेच्या आसपास लेबले पुन्हा छापावी लागली. पाठवायच्या खोक्यावर ती चालतात, कारण त्यांचे आयुष्य काही दिवसांचेच असते. कायमच्या कप्प्यासाठी रिबनची छपाईच हवी. लेबलावर चकचकीत पारदर्शक टेप लावू नये. प्रकाश परावर्तित होतो आणि स्कॅनर तिरपा धरून खटपट करावी लागते.

आणखी एक अडचण आम्हाला कोणी आधी सांगितली नव्हती. आमचा स्कॅनर संगणकाला कीबोर्ड म्हणूनच जोडला जातो. त्यामुळे संगणकावर टंकलेखनाची भाषा मराठी राहिली असेल तर कप्प्याच्या पत्त्यातील इंग्रजी अक्षरांच्या जागी भलतीच अक्षरे उमटतात, आणि कर्सर दुसऱ्या रकान्यात असेल तर सगळे आकडे तिथे जाऊन बसतात. पहिल्या आठवड्यात आम्हाला स्कॅनरच बिघडला आहे असे वाटले होते.

एका धोक्यावर मात्र यंत्राकडे उपाय नाही. दहा नग हवे असताना घाईत एकच पाकीट दहा वेळा स्कॅन करता येते, आणि पडद्यावर ऑर्डर पूर्ण दिसते. मोठ्या संख्येच्या ऑर्डरी आम्ही म्हणून वजन करून पडताळतो. वर्षअखेरच्या एकाच मोठ्या मोजणीऐवजी रोज सकाळी वीस कप्पे मोजतो. तफावत ताजी असते तेव्हा तिचे कारण सापडते.

परत आलेल्या मालाचा प्रश्न अजून सुटलेला नाही. तो तपासून होईपर्यंत कोणत्याच पत्त्यावर बसत नाही आणि पॅकिंगच्या टेबलाखाली साठत राहतो. पुढच्या महिन्यात त्याच्यासाठी स्वतंत्र रॅक लावणार आहोत, आणि तपासणी होईपर्यंत त्यातला साठा विक्रीच्या आकड्यात धरला जाणार नाही.